दोन राज्यांचा जमाखर्च

अमेरिका म्हटले की आपल्या वस्तीत प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. उंच इमारती, गुळगुळीत रस्ते, दारात मोटार आणि डॉलरमधला पगार. कुणाचा मुलगा किंवा कुणाची भाची तिकडे गेली की सारी चाळ म्हणते, "सुटला बरं का, अमेरिकेला गेला." पण अमेरिकेत म्हणजे नेमका कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. पन्नास राज्यांच्या या देशात झेंडा एक, चलन एक, राष्ट्राध्यक्ष एक. पण मजुराची रोजी किती, आजारपणात दवाखान्याचे दार उघडणार की नाही, पोराला शाळेत काय मिळणार, हे बरेचसे त्या त्या राज्याच्या विधिमंडळावर ठरते. म्हणून एकाच देशात दोन निरनिराळी जगणी नांदतात.

आम्ही पेशाने कारकून. आयुष्य जमाखर्च मांडण्यात गेले. तेव्हा या वेळी दोन राज्यांचा जमाखर्च वाचकांपुढे मांडतो. एक आहे ईशान्येच्या टोकाला, समुद्रकाठचे मॅसॅच्युसेट्स. त्याची राजधानी बॉस्टन. दुसरे आहे दक्षिणेकडचे, महानदीचेच नाव धारण करणारे मिसिसिपी. त्याची राजधानी जॅक्सन. राहणीमानाचा कोणताही तक्ता उघडा, बहुतेक वेळा पहिले वरच्या ओळीत आणि दुसरे तळाच्या ओळीत सापडते.

हीच दोन निवडण्याचे आणखी एक कारण आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, कारण त्यांनी काळ्या माणसांची गुलामी मोडली होती. गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ साली लागू झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये तर न्यायालयांच्या निकालांनी १७८३ च्या सुमारासच गुलामीचा पाया उखडला होता. आणि मिसिसिपी? त्या राज्याच्या विधिमंडळाने तेराव्या दुरुस्तीला मंजुरी दिली ती १९९५ साली, आणि त्याचे कागद रीतसर दाखल झाले २०१३ साली! दुरुस्ती सबंध देशाला लागू होतीच, त्यामुळे या उशिराने कुणी गुलाम राहिला नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्याने एकशेतीस वर्षे "होय" म्हणायचे टाळले, तर त्या घराची रीत कळते.

पगार आणि घरभाडे

आधी पैशाचे पाहू. मॅसॅच्युसेट्सची लोकसंख्या सुमारे ७० लाख, मिसिसिपीची सुमारे ३० लाख. २०२३ च्या आकड्यांप्रमाणे मॅसॅच्युसेट्समधल्या मधल्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न एक लाख डॉलरच्या घरात, तर मिसिसिपीत ५४ हजारांच्या आसपास. मधले कुटुंब म्हणजे सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या क्रमाने रांगेत उभी केली तर बरोबर मध्यावर येणारे.

आपला संबंध मात्र रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाशी. त्याची रोजी पाहा. मिसिसिपीने स्वतःचा किमान वेतनाचा कायदाच केलेला नाही. तिथे केंद्र सरकारचा दर चालतो, ताशी ७.२५ डॉलर, आणि हा दर २००९ च्या जुलैपासून तसाच आहे. मॅसॅच्युसेट्सने १ जानेवारी २०२३ पासून ताशी १५ डॉलर केले. आठ तासांचा हिशेब करा. एकीकडे दिवसाचे ५८ डॉलर, दुसरीकडे १२०. काम तेच, झाडू तोच, घाम तोच.

इथे कुणी म्हणेल, "पण बॉस्टनला महागाई किती!" बरोबर आहे. तिथल्या घराची किंमत मिसिसिपीतल्या घराच्या तिपटीहून जास्त. मिसिसिपीत शंभरातली सुमारे ७० कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे ६२. ही मिसिसिपीची जमेची बाजू आहे आणि ती मांडलीच पाहिजे. गरीब माणसाला स्वतःचे छप्पर केवढे वाटते, हे झोपडपट्टीत दिवस काढलेल्यांना समजावून सांगायला नको.

पण भाडेकरूचे काय? अमेरिकेतली एक संस्था दरवर्षी हिशेब काढते, की दोन खोल्या निजायच्या असलेले साधे घर भाड्याने घेऊन बाकीचा संसार चालवायचा तर तासाला किती मिळायला हवेत. २०२४ साली मॅसॅच्युसेट्ससाठी ते सुमारे ४५ डॉलर निघाले, मिसिसिपीसाठी वीस डॉलरच्या आत. म्हणजे बॉस्टनकडे किमान वेतनावरच्या तीन माणसांनी राबावे तेव्हा एक घर चालते, आणि मिसिसिपीत अडीच माणसांनी. स्वस्ताईचा एवढा गवगवा, पण मजुराच्या पदरात उरला अर्ध्या माणसाचा फरक. स्वस्त गावात रोजीही स्वस्तच असते, हे आपण गावाकडून मुंबईला येताना शिकलोच आहोत.

दवाखान्याचे दार

खरा फरक दिसतो तो आजारपणात. मॅसॅच्युसेट्सने २००६ साली कायदा करून जवळजवळ प्रत्येकाला आरोग्य विमा मिळेल अशी व्यवस्था केली. पुढे सबंध देशासाठी झालेला २०१० चा कायदा याच धर्तीवर बेतला होता. आज मॅसॅच्युसेट्समध्ये विमा नसलेली माणसे शंभरात तीनच्या आत आहेत, मिसिसिपीत दहाच्या आसपास.

२०१० च्या कायद्यात गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी योजना वाढवायची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सोडली. या वाढीव खर्चाच्या शंभर डॉलरपैकी नव्वद केंद्र देते, राज्याने घालायचे दहा. मिसिसिपीने तेही नाकारले. २०२४ साली विधिमंडळात पुन्हा प्रयत्न झाला, दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नाही आणि तो फसला. परिणाम असा, की मूलबाळ नसलेला, धडधाकट पण कंगाल असा तिथला माणूस कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेडचे कार्ड मिळत नाही. चाळिशीतला मजूर रक्तदाब घेऊन हिंडतो आणि थेट झटका आला म्हणजेच इस्पितळात पोचतो.

आता आमच्या माताभगिनींनी पुढचा आकडा मुद्दाम वाचावा. २०२२ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिला वाढदिवस न पाहता गेलेली बाळे मॅसॅच्युसेट्समध्ये ३.३, मिसिसिपीत ९.१. देशात सर्वांत कमी पहिल्या राज्यात, सर्वांत जास्त दुसऱ्या राज्यात. २०२४ साली मिसिसिपीचा आकडा ९.७ वर गेला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आरोग्य खात्याला सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली.

आयुष्याचेही तसेच. २०२१ च्या गणनेप्रमाणे मॅसॅच्युसेट्समध्ये सरासरी आयुर्मान ७९.६ वर्षे, मिसिसिपीत ७०.९. ते करोनाच्या साथीचे वर्ष होते हे खरे, पण साथीच्या आधीही पाच-सहा वर्षांचे अंतर होतेच. एकाच देशाचे नागरिक, पण एकाने नातवंडांची लग्ने पाहायची आणि दुसऱ्याने त्यांचे बारसे पाहून जायचे.

हा फरक आला कुठून?

काही जण म्हणतील, हवापाण्याचा फरक असेल, लोकच आळशी असतील. आपल्याला हे शब्द नवे नाहीत. ज्याच्या पाठीवर पिढ्यान् पिढ्या बसून खाल्ले, त्यालाच आळशी म्हणायची रीत जगभर आहे. म्हणून जुनी वही उघडून पाहू.

मिसिसिपीची काळी जमीन कापसाची. १८६० च्या शिरगणतीत त्या राज्यात ७,९१,३०५ माणसे मोजली गेली. त्यातली ४,३६,६३१ गुलाम होती. शंभरात पंचावन्न! त्यांनी वेचलेल्या कापसाच्या गाठी बोटीत चढून जात कुठे? काही इंग्लंडला, आणि काही मॅसॅच्युसेट्सच्या लोवेलसारख्या गिरणगावांत. म्हणजे उत्तरेच्या सधनतेच्या पायातही दक्षिणेच्या गुलामाची मजुरी गाडलेली आहे. याच कापसावरून १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध पेटले असताना तिकडचा माल बंद पडला आणि आपल्या मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांची घरे चालली, त्या वाचकांना हा धागा दूरचा वाटू नये.

फरक पडला तो पैसा कुठे मुरला यात. मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे केले. देशात सर्वांत आधी. मिसिसिपीने १९१८ साली केले, सर्वांत शेवटी. एवढ्यावर भागले नाही. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा मिसिसिपीने १९५६ साली सक्तीचा कायदाच रद्द करून टाकला. काळे पोर गोऱ्या पोराच्या बाकावर बसण्यापेक्षा कुणाचेच पोर शाळेत न आले तरी चालेल, असा तो हिशेब. पुढे १९८२ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने सक्ती पक्की झाली आणि सरकारी बालवर्गही आले.

दोन माणसांची बाळपणे शेजारी ठेवून पाहा. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे थोर कृष्णवर्णीय विद्वान १८६८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन गावी जन्मले. गावच्या सरकारी शाळेत ते गोऱ्या मुलांबरोबर शिकले आणि पुढच्या शिक्षणाला गावच्या चर्चमधून पैसे जमले. याच ड्यू बॉइसना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. दुसऱ्या फॅनी लू हेमर. मिसिसिपीत १९१७ साली खंडकरी शेतमजुरांच्या घरी विसावे अपत्य म्हणून जन्मल्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचू लागल्या. मळ्यावरच्या मुलांची शाळा कापसाचे काम नसेल तेवढेच महिने भरायची. बुद्धी दोघांनाही होती. एकाला शाळा मिळाली, दुसरीला पोते मिळाले.

मत आणि टेबल

मिसिसिपीत काळ्यांची संख्या मोठी. आजही शंभरात ३८ च्या आसपास, देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक. मग त्यांनी मतपेटीतून शाळा-दवाखाने का मागून घेतले नाहीत? कारण १८९० च्या राज्यघटनेने मतपेटीच काढून घेतली. मत देण्यासाठी दोन डॉलरची पट्टी भरायची आणि राज्यघटनेचे कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणीच्या टेबलामागे बसलेला गोरा कारकून! टेबलामागच्या माणसाच्या लेखणीत केवढी सत्ता असते, हे आम्ही त्या खुर्चीत बसत असल्याने जाणतो. "उद्या या" या दोन शब्दांनी माणसाचे आयुष्य अडवता येते.

१९६२ साली हेमरबाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या. त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने सांगितले, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षे राबलेली जागा त्यांनी सोडली, अर्ज मागे घेतला नाही. १९६४ साली मिसिसिपीत पात्र काळ्या नागरिकांपैकी शंभरात सातसुद्धा मतदार यादीत नव्हते. १९६५ साली केंद्राने मताधिकार कायदा केला आणि १९६७ पर्यंत तो आकडा साठाच्या घरात गेला. दोन-तीन वर्षांत! माणसे तीच होती. आळस कुठे होता ते यावरून समजावे.

अन्न हेच औषध

त्याच काळातली एक हकीकत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती दोन्ही राज्यांना जोडते. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या डॉ. जॅक गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन यांनी गरिबांच्या वस्तीत, वस्तीच्याच लोकांना हाताशी धरून चालवायचे दवाखाने काढले. पहिला १९६५ साली बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट या सरकारी गाळ्यांच्या वसाहतीत. दुसरा १९६७ साली मिसिसिपीतल्या माउंड बायू या, पूर्वीच्या गुलामांनी १८८७ साली वसवलेल्या गावात.

माउंड बायूला डॉक्टरांपुढे आली ती उपाशी मुले. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाऐवजी दूध, भाजी, मांस लिहून दिले. लोक ती चिठ्ठी वाण्याकडे न्यायचे आणि बिल दवाखान्याच्या औषधखात्यातून फेडले जायचे. वरून हरकत आली. गायगरांनी उत्तर दिले, की वैद्यकाच्या पुस्तकाप्रमाणे कुपोषणावर औषध अन्नच आहे. दवाखान्याने विहिरी खोदल्या, संडास बांधले, सहकारी शेती उभी केली. दोन दवाखान्यांपासून सुरू झालेल्या त्या कामातून आज देशभर केंद्रांचे जाळे झाले आहे आणि तीन कोटींहून अधिक माणसे त्यांचा लाभ घेतात. मिसिसिपीची माती नापीक नव्हती, हे त्या दवाखान्याने दाखवून दिले.

पैसा नाही की दानत नाही?

"गरीब राज्याकडे पैसा कुठला?" असे पुन्हा कुणी विचारील. त्याचेही उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. निराधार कुटुंबांसाठी केंद्राकडून आलेल्या निधीची मिसिसिपीच्या राज्य लेखापरीक्षकांनी तपासणी केली. त्यांचा अहवाल २०२० साली आला. किमान ७ कोटी ७० लाख डॉलर भलतीकडे गेल्याचे पुढे निष्पन्न झाले. त्यातले काही एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या क्रीडागृहात गेले! खात्याच्या माजी संचालकाने २०२२ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. आणि त्याच काळात तिघांच्या निराधार कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त किती मिळत होते? १७० डॉलर. २०२१ साली ते २६० झाले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राजधानी जॅक्सनचा जलशुद्धीकरण कारखाना कोलमडला आणि दीड लाख माणसे नळाच्या पाण्याला मुकली. त्या शहरात शंभरात ऐंशी माणसे काळी आहेत.

पण याच मिसिसिपीने एक गोष्ट अशी केली, की वरच्या राज्यांनी मान खाली घालावी. २०१३ साली त्यांनी कायदा केला, की तिसरीच्या मुलाला नीट वाचता आलेच पाहिजे. शिक्षकांना अक्षर-उच्चाराच्या पद्धतीने वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण दिले, कमजोर शाळांत मार्गदर्शक नेमले. वाचता न येणारे मूल त्याच वर्गात ठेवण्यावर टीका झाली, ती पूर्ण गैर नाही. तरी निकाल पाहा. देशपातळीवरच्या चौथीच्या वाचन चाचणीत २०१३ साली मिसिसिपीची सरासरी २०९ होती, देशाची २२१. २०२४ साली मिसिसिपी २१९ वर चढले आणि देश २१४ वर घसरला. मॅसॅच्युसेट्स अजून पुढे आहे, पण २३२ वरून २२५ वर उतरले आहे. तळाचे राज्य अकरा वर्षांत देशाच्या सरासरीच्या वर आले, आणि तेही हवापाणी न बदलता.

सरासरीच्या सावलीत

मग मॅसॅच्युसेट्स म्हणजे स्वर्ग का? नाही. १९७४ साली न्यायालयाने गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी बसगाड्यांची व्यवस्था करायला लावली, तेव्हा याच बॉस्टनमध्ये काळ्या लेकरांच्या बसवर दगड पडले. २०१५ साली तिथल्या फेडरल रिझर्व्ह बँकेने एक पाहणी प्रसिद्ध केली. बॉस्टन परिसरातल्या मधल्या गोऱ्या कुटुंबाजवळ सर्व कर्ज वजा करून मालमत्ता २,४७,५०० डॉलर. आणि पिढ्यान् पिढ्या अमेरिकेत राहिलेल्या मधल्या काळ्या कुटुंबाजवळ आठ डॉलर. आठ हजार नव्हे, आठ. देशातल्या पहिल्या ओळीच्या राज्यात ही स्थिती. सरासरी चकचकीत असली तरी तिच्या सावलीत कोण बसले आहे, ते वेगळे मोजावे लागते.

वाचक बंधू-भगिनींनो, या जमाखर्चाचा ताळा एका वाक्यात असा बसतो : जगण्याचा दर्जा मातीतून उगवत नाही आणि कपाळावरही लिहिलेला नसतो, तो कायद्यात आणि अंदाजपत्रकात लिहिला जातो आणि लिहिणारा हात बदलला की बदलतो. किमान वेतन, विमा, वाचनाचा कायदा, मतदार यादी, हे सारे माणसांनीच ठरवले. काही ठिकाणी चांगले ठरवले, काही ठिकाणी वाईट.

तेव्हा यापुढे कुठल्याही राज्याची, शहराची किंवा आपल्याच तालुक्याची प्रगती कुणी सांगू लागला, तर नुसते उत्पन्न ऐकून मान डोलावू नका. चार प्रश्न विचारा. भाडे भरून मजुराच्या हातात काय उरते? त्याच्या आजारपणात दवाखान्याचे दार उघडते का? पहिल्या वर्षात किती बाळे जातात, आणि कुणाची? तिसरीतल्या पोराला वाचता येते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर आजच्या आज मिळेल. रात्रीची जेवणे झाली की आपल्या तिसरीतल्या लेकराला हाच अंक हातात द्या आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा.